राहून गेलेला मेणाचा हात

गुरुवार, ६ मार्च २०२५, गिरगाव

ही वही दर्शनाने दिली. शाळेच्या ऑफिसात ती माझ्या समोरच्या टेबलावर बसते. म्हणाली, "व्हायोला, तिकडे आठ-दहा दिवस तू बोलशील कोणाशी? भिंतीशी? त्यापेक्षा लिही." बरोबर आहे तिचं. माझं तोंड बंद राहिलं की मला अपचन होतं. मराठीत लिहितेय, कारण ऑलिव्हियाला मराठीचं एक पान वाचायला अर्धा तास लागतो, आणि ॲम्ब्रोजला त्याचा चष्माच सापडत नाही.

जायचं होतं खरं ॲम्ब्रोजने. तोच ऑलिव्हियाचा कोच, तोच बाप. पण पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा कमी उरलीय, हे साहेबांना गेल्या आठवड्यात कळलं. तेव्हापासून रॅकेटला तारा ओढत बसलाय, कोणाशी बोलत नाही. म्हणून जाणार मी. टेनिसमधलं मला एवढंच कळतं की बॉल जाळीच्या पलीकडे गेला पाहिजे.

तुर्कस्तानात समुद्राकाठी एक गाव आहे, तिथे ज्युनिअर मुलींची स्पर्धा आहे. ऑलिव्हिया सोळाची. ही स्पर्धा जिंकली तर पॉइंट मिळतील, आणि पॉइंट मिळाले तर अमेरिकेतल्या कॉलेजचा तो कोच, ज्याने दोन ईमेल पाठवलेत, तो तिसरा पाठवेल. ॲम्ब्रोज तीस वर्षं जिमखान्यात मार्कर आहे. मेंबर लोकांशी खेळायचं, त्यांना जिंकू द्यायचं आणि वर "वेल प्लेड सर" म्हणायचं. आपली पोरगी स्वतःसाठी खेळावी एवढं एकच त्याच्या डोक्यात आहे. माझ्याही आहे, खोटं कशाला बोलू?

फक्त उजवं मनगट. जानेवारीपासून दुखतंय. परळच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं, तीन महिने रॅकेटला हात लावायचा नाही. डॉक्टर काय, सगळ्यांनाच आराम सांगतात. मला गुडघ्यासाठी सांगितला होता, मी काय बसून आहे? ऑलिव्हिया तेव्हा बाहेर बसली होती. तिला आम्ही सांगितलं, थोडी सूज आहे. ही स्पर्धा झाली की मग आरामच आराम.

मायने, म्हणजे माझ्या सासूने, वाडीतल्या जेरीकडून मेणाचा हात करून घेतलाय. तो मेणबत्त्या ओततो. आमच्यात रीतच आहे. जे अंग दुखतं ते मेणाचं करायचं आणि वांद्र्याच्या चर्चात मोतमावलीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, पायाशी ठेवायचं. जेरीने ऑलिव्हियाच्या हातावरून माप घेतलं. काय केलाय! पहिल्या बोटाच्या मुळाशी रॅकेटने पडलेला घट्टासुद्धा काढलाय मेल्याने. माय म्हणाली, "उद्या सकालीच जाऊन ठेव. इसरू नको गो." विसरेन कशी? सकाळी सात वाजता जाते.

शनिवार, ८ मार्च, तुर्कस्तान

विसरले.

काल सकाळी ऑलिव्हियाचे बूट सापडेनात, मग युरो आणायचे राहिले होते, मग ॲम्ब्रोजने कोणाला कुठली सर्व्हिस करायची ते दोन तास समजावलं, तेही मला! विमानतळावर मशीनमधून पर्स गेली तेव्हा तो वर्दीवाला मुलगा ताडकन उभा राहिला. "मॅडम, अंदर क्या है?" मी उघडून दाखवलं तर आत हात! मागची रांग मागे सरकली. ऑलिव्हिया लाजून लाल झाली, म्हणाली, "मम्मी, आय डोंट नो यू." हसले मी, पण पर्स पटकन बंद केली. नवसाचा हात, आणि तो मावलीला सोडून पर्समध्ये घेऊन मी समुद्रापार निघालेय. मायला फोनवर सांगितलं, ठेवला. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस चालू आहेत, बुधवारीच कपाळाला राख लावली, आणि शुक्रवारी खोटं. शाब्बास व्हायोला.

हॉटेल बरं आहे. इथेही चहाला चायच म्हणतात. छोट्या काचेच्या पेल्यात देतात, दूध मागितलं तर दया आल्यासारखं बघतात.

सोमवार, १० मार्च

जिंकली! ६-४, ३-६, ६-४. रशियन मुलगी होती, माझ्या दीडपट.

पण तिसऱ्या सेटमध्ये प्रत्येक बॅकहँडनंतर ऑलिव्हिया तोंड पलीकडे वळवत होती, मला दिसू नये म्हणून. मला दिसत होतं. मॅच झाल्यावर बाटलीचं झाकण तिला उघडता आलं नाही. स्पर्धेची फिजिओ आहे, चांगली बाई. तिने मनगट दाबून बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, हिने इथेच थांबायला हवं.

मी म्हटलं, बघू.

ऑलिव्हिया खुर्चीवर बसून माझ्याकडे टक लावून बघत होती. क्षणभर वाटलं, मी 'थांब' म्हणावं म्हणून ती वाट बघतेय. छे, उगाच काहीतरी माझं. तिलाच खेळायचंय, लहानपणापासून खेळतेय. ॲम्ब्रोजला फोन केला. तो म्हणाला, "बर्फ लाव, उद्या मॅच नाहीये ना? झालं तर."

मंगळवार, ११ मार्च

आज मॅच नाही. खोलीत बसून पोरगी नुसती मनगट कुरवाळत होती. मी म्हटलं चल, फिरून येऊ. कोर्टांपासून दहा मिनिटांवर म्युझियम आहे, इथल्या जुन्या शहराच्या खोदकामात सापडलेले संगमरवरी पुतळे. फुकटात सावली तरी मिळेल म्हणून गेलो, तर तिकीट होतं.

पहिल्याच दालनात पाय टाकला आणि मी दारातच थांबले. भिंतभर फळ्या, आणि त्यांवर हात. पाय. पंजे. एक कान. अर्धा गुडघा. पांढरे, ओळीने मांडलेले. सायबा! मोतमावलीच्या देवळात लोकांनी वाहिलेल्या मेणाच्या वस्तू ठेवतात, तसंच अगदी. कोणाकोणाची दुखणी इथे येऊन पडलीत, असंच वाटलं. ऑलिव्हिया म्हणाली, "अगं मम्मी, तुटलेत ते. पुतळ्यांचे पडलेले तुकडे." असतील. पण मला पर्समधला हात एकदम जड लागायला लागला.

आतल्या दालनात एका कोपऱ्यात ती उभी आहे. माणसाएवढी बाई. डोक्यावरून पदर, मान किंचित झुकलेली, चेहरा शांत. डावा हात पुढे, काहीतरी घेण्यासाठी केल्यासारखा. उजवा हात खांद्यापासून नाही. ऑलिव्हियाने फोटो काढला, हसली, "माझ्यासारखीच आहे, राइट आर्म गॉन." मग ती बाकावर जाऊन फोन बघत बसली.

मी तिथेच उभी राहिले. दालनात दुसरं कोणी नाही. दारात एक म्हातारी रखवालदारीण खुर्चीवर बसून लोकरीचं काहीतरी विणत होती. मला वाटलं, मावली काय वांद्र्यालाच असते? ती सगळीकडे असते, फादरच सांगतात. मी मेणाचा हात काढला आणि पुतळ्याच्या पायांमागे, चौथऱ्यावर ठेवला. मेणबत्ती नव्हती. मनात म्हटलं, ठेवायचा राहिला होता ग आई, रागावू नकोस. हिच्या हातातलं दुखणं काढून घे. एवढी स्पर्धा खेळू दे. बदल्यात तुला काय पाहिजे ते घे.

म्हातारीने विणणं थांबवलं होतं. मला वाटलं आता ओरडणार. पण तिने नुसतं बघितलं आणि पुन्हा सुया चालू केल्या.

बुधवार, १२ मार्च

६-२, ६-१!!!

सकाळी उठली तीच मनगट फिरवत. मी विचारलं, "दुखतं का?" म्हणाली, "नाही मम्मी. काहीच नाही." आणि काय खेळली! बॉल असे फटाफट जात होते की ती समोरची फ्रेंच पोरगी रडायची बाकी होती. फिजिओ बघत उभी होती, तिला मी गोड हसून दाखवलं. ॲम्ब्रोज फोनवर रडला. मावली, तुझे लाख उपकार.

गुरुवार, १३ मार्च

क्वार्टर फायनल खिशात. ६-३, ६-०. तासाभरात.

जेवून एकटीच म्युझियमला गेले, आभार मानायला. गावातून फुलं घेतली. आत नेऊ देत नाहीत म्हणून पर्समध्ये दोन लपवून नेली.

मेणाचा हात तिथे नव्हता. झाडणाऱ्याने उचलला असणार. साहजिक आहे.

पण दुसरंच काहीतरी वाटत राहिलं. पुतळ्याचा उजवा हात. कोपरापर्यंत आहे. दंड चांगला गोल, गुळगुळीत, कोपराशी तुटलाय. मी डोळे मिचकावून बघितलं. म्हटलं, परवा मी नीट बघितलं नसणार, माझं सगळं लक्ष पर्समध्ये.

हॉटेलवर येऊन ऑलिव्हियाच्या फोनमधला मंगळवारचा फोटो मागितला. फोटोतही कोपरापर्यंत आहे. झालं तर मग. वय झालं आता, चष्म्याचा नंबर बदलायला हवा.

पण लिहायला बसले आणि मागचं पान उलटलं. माझ्याच अक्षरात, माझ्याच पेनाने लिहिलंय, 'खांद्यापासून नाही'. आणि ऑलिव्हिया 'राइट आर्म गॉन' म्हणाली होती, तेही लिहिलंय. तिला विचारलं. म्हणाली, "असेल ग, मी कुठे लक्ष दिलं?"

मला हे आवडलेलं नाही. उद्या सेमी फायनल आहे, त्यात लक्ष घालते.

शुक्रवार, १४ मार्च

जिंकली. उद्या फायनल. पण मला आनंद होत नाहीये, आणि का ते सगळं लिहून काढते, म्हणजे डोक्यातून उतरेल.

मॅच झाल्यावर आम्ही टपरीवर चहा घेतला. ऑलिव्हिया डाव्या हाताने फोनवर बापाला स्कोअर टाइप करत होती. उजवा हात टेबलावर. वेटरचा धक्का लागला आणि तिच्या पेल्यातला उकळता चहा सगळाच्या सगळा त्या हातावर सांडला. वाफ दिसत होती. मी किंचाळले. वेटर किंचाळला. ऑलिव्हिया टाइप करत राहिली. मी हात धरून ओढला तेव्हा तिने वर बघितलं. "काय झालं?"

लाल नाही. फोड नाही. पांढरा, नेहमीपेक्षा पांढरा. आणि गार. उकळता चहा पडून अर्धं मिनिट झालं नव्हतं, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर हात ठेवावा तसा गार. मी चोळला, फुंकर मारली. "लागलं का ग?" "नाही मम्मी. काहीच नाही." दोन दिवसांपूर्वी हेच ऐकून मी नाचले होते.

ती म्हणाली, "बुधवारपासून असंच आहे. रॅकेट पकडलीय की नाही ते बघून कळतं, पकडून नाही. पण शॉट बसतात ना? मग जाऊ दे." मी विचारलं, आधी का नाही बोललीस? ती म्हणाली, "तू इतकी खूष होतीस."

खोलीवर आल्यावर मायला फोन लावला आणि सगळं सांगितलं. खोटं बोलले तेही. माय रागावली नाही, त्याचीच मला जास्त भीती वाटली. तिने विचारलं, "कोनाच्या पायाशी ठेवलास गो?"

"बाई होती. डोक्यावर पदर होता. चेहरा अगदी मावलीसारखा."

"बाल होतं हातात?"

"नाही. हात नुसता पुढे होता. मागत असल्यासारखा."

मागे आमचं घड्याळ टिकटिकताना ऐकू येत होतं. मग माय म्हणाली, "मावलीच्या हातात बाल असतं, व्हायोला. ती मागत नाय, ती देते. तू काय बोललीस तिला?"

मी सांगितलं. काय पाहिजे ते घे.

"आपून आपला काय देनार ते बोलायचं असतं गो बाय. कोन घे बोलतो?"

शनिवार, १५ मार्च

सकाळी ऑलिव्हियाला म्हटलं, फायनल खेळू नकोस. काय बघितलं माझ्याकडे! म्हणाली, "आता? दुखत होतं तेव्हा नाही म्हणालीस थांब. आता दुखत नाही तर थांबू?" ॲम्ब्रोजला फोन केला, तो ओरडला, "व्हायोला, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? फायनल आहे!" तिने बॅग उचलली आणि गेली. रॅकेटचं हँडल तिने हाताला टेपने गुंडाळून घेतलं होतं, सुटू नये म्हणून.

मॅच दहाची. म्युझियम नऊला उघडतं. मी धावत गेले. गुडघा गेला खड्ड्यात.

म्हातारी नुकतीच खुर्चीवर बसत होती. मी आत गेले आणि लांबूनच दिसलं. उजवा हात आता पूर्ण होता. पंजासकट. फक्त बोटं नव्हती. जवळ गेले. तळव्यावर, पहिल्या बोटाच्या मुळाशी, दगडात एक बारीक उंचवटा. घट्टा. माझ्या पोरीचा घट्टा. तो मी रोज तेल लावून चोळते, मला ओळखू येणार नाही?

म्हातारीकडे गेले, फोनमध्ये बोलून तिच्या भाषेत केलं, मी इथे मेणाचा हात ठेवला होता, तो परत पाहिजे, कुठे टाकलात? तिने वाचलं. फोन हातात घेऊन शांतपणे बोलली आणि परत दिला. स्क्रीनवर आलं, 'आम्ही टाकत नाही. तिच्यासमोर ठेवलेलं आम्ही उचलत नाही.' मग कोण उचलतं? तिने खांदे उडवले आणि पुतळ्याकडे बघून छातीवर हात ठेवला.

दहा वाजले असतील. पलीकडे मॅच सुरू झाली असेल. मी पुतळ्यासमोर गेले आणि भांडले. देवाशपथ, नळावर भांडतात तशी. "अगं ए! तिने काय केलं तुझं? चूक माझी. डॉक्टर थांब म्हणाला, मी ऐकलं नाही. फिजिओ म्हणाली, मी ऐकलं नाही. पोरगी माझ्या तोंडाकडे बघत बसली, मी 'बघू' म्हटलं. तिचं दुखणं तिला परत दे. मला पॉइंट नकोत, अमेरिका नको. हात पाहिजे ना तुला? एवढी हौस आहे तर माझा घे! भांडी घासून घासून झिजलेला आहे, चालत असेल तर घे आणि पोरीला सोड!" रडतही होते, तिच्या त्या पुढे केलेल्या डाव्या हातावर चापट्या मारत होते. म्हातारी उठून आली, तिने मला धरलं. म्युझियमच्या वस्तूला हात लावायचा नसतो. मला माहीत आहे ते.

बाहेर सोडताना तिने माझ्या पर्समध्ये एक पोस्टकार्ड सरकवलं. मी बघितलंही नाही, तशीच पळाले.

कोर्टावर पोचले तेव्हा ६-१, ४-१. आपण पुढे. लोक टाळ्या वाजवत होते. ऑलिव्हियाने सर्व्हिससाठी बॉल वर टाकला, रॅकेट फिरवली, आणि किंचाळली. तसं किंचाळणं मी फक्त तिच्या जन्माच्या वेळी ऐकलंय, ते माझं होतं. खाली बसली, मनगट पोटाशी धरून, आणि सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं रडली, "मम्मी, दुखतंय! खूप दुखतंय!"

मी कठडा ओलांडून आत गेले. अंपायर नको म्हणत होता. हात हातात घेतला. सुजलेला, लाल, आणि गरम. इतका गरम! मी हसायला लागले. रडत रडत हसत होते आणि तिच्या हाताचे मुके घेत होते. त्या लोकांना वाटलं असेल, ही बाई वेडी आहे, पोरगी हरली आणि ही हसतेय.

फायनल सोडली. कप त्या दुसऱ्या मुलीला मिळाला. मिळू दे.

शुक्रवार, २८ मार्च, गिरगाव

गेल्या आठवड्यात परळच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. या वेळी ऑलिव्हियाला आत बसवलं. डॉक्टर म्हणाले, जानेवारीतच थांबली असती तर तीन महिन्यांचं काम होतं, आता सहा. मनगट वाचेल.

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. "जानेवारीत सांगितलं होतं? तुम्हाला माहीत होतं?"

ॲम्ब्रोज बुटांकडे बघत राहिला. मी म्हटलं, "हो. माहीत होतं. माझं चुकलं." दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बरोबर आहे तिचं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "मला टेनिस आवडतं का, हे तू मला कधी विचारलं नाहीस." मी विचारलं. म्हणाली, "माहीत नाही. सहा महिने आहेत ना, बघते." ॲम्ब्रोजने हे ऐकलं आणि रॅकेटी माळ्यावर ठेवून दिल्या. मग बाहेर जाऊन तिच्यासाठी आइस्क्रीम आणलं, बटरस्कॉच. ते तिला पाचवीत असताना आवडायचं.

ऑफिसात आज माझ्या हातून दोनदा पेन गळलं. दर्शना म्हणाली, शुगर तपासून घे. थकवा असणार, प्रवासाचा.

शनिवार, १२ एप्रिल

शुगर नॉर्मल. डॉक्टरांनी सुया टोचून बघितल्या, हसून म्हणाले, नसा तर ठणठणीत दिसतात, मग तुम्हाला कळत कसं नाही? मला काय विचारता? काल मासळी साफ करताना विळी लागली. बोट कापलं गेलं, पण रक्त आलं नाही. मायने बघितलं. तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

शनिवार, १९ एप्रिल

उद्या ईस्टर. हे डाव्या हाताने लिहितेय म्हणून अक्षर असं. एका ओळीला पाच मिनिटं लागतात. बालवाडीतली पोरं बरी.

ऑलिव्हियाने माझी पर्स रिकामी करताना ते पोस्टकार्ड काढलं. मी विसरूनच गेले होते. पुतळ्याचा फोटो आहे. कार्ड जुनं, कडा पिवळ्या पडलेल्या, मागे छापल्याचं साल १९८७. त्यात तिचे दोन्ही हात आहेत. उजवा बोटांसकट.

ऑलिव्हिया म्हणाली, "मम्मी, गंमत बघ. हिची करंगळी तुझ्यासारखी वाकडी आहे."

माझी करंगळी लहानपणी दाराच्या फटीत सापडली होती. आईने डॉक्टरकडे न नेता पट्टी बांधली, ती तशीच राहिली. कार्डावर तशीच आहे. तिच्याशेजारच्या बोटावर अंगठीचा वळसुद्धा आहे. मी म्हटलं, "योगायोग ग. जा, मायला अंडी रंगवायला मदत कर."

ती गेली नाही. खोबरेल तेल कोमट करून आणलं, खाली बसली आणि माझा हात मांडीवर घेतला. ते मनगट अजून पट्टीत आहे तिचं, तरी दोन्ही हातांनी चोळत होती. मध्येच "आई ग" म्हणून स्वतःचं मनगट झटकायची आणि पुन्हा चोळायची. किती गोड वाटतं ते "आई ग".

माझ्याकडे बघून तिने विचारलं, "दुखतं का, मम्मी?"

मी म्हटलं, "नाही ग बाय. काहीच नाही."